'सर्वोत्कृष्ट सदस्य' निवडण्याआधी वर्षभराची वही काढा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. चाळीसेक मुलामुलींचं युवा मंडळ, वयं बारा ते वीस, हाताशी आठ-दहा स्वयंसेवक. मागच्या वार्षिक कार्यक्रमात 'सर्वोत्कृष्ट सदस्य' आणि 'सर्वोत्कृष्ट स्वयंसेवक' असे दोन पुरस्कार दिलेत. टाळ्या झाल्या, फोटो झाले आणि पुढच्या महिन्याभरात तीन चांगली मुलं यायची बंद झाली. एका जुन्या स्वयंसेविकेने "माझं काही नाही हो" म्हणत हळूहळू अंग काढून घेतलं. आता पुढचा कार्यक्रम दोन महिन्यांवर आलाय आणि समितीत दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं पुरस्कार बंदच करा, दुसऱ्यांचं म्हणणं सगळ्यांनाच द्या.

माझ्या मते दोन्ही नको. बंद केले तर वर्षभर खपलेल्यांना वाटेल, चला, एवढंही नाही. सगळ्यांना सरसकट एकच ढाल दिली तर मुलं ती घरी जाताना गाडीतच विसरतात. मी वर्षानुवर्षं युवा मंडळांत काम करते आहे. रुसवेफुगवे बहुतेक वेळा पुरस्कार दिला म्हणून होत नाहीत. तो कशाबद्दल दिला हे समितीतल्या कुणालाच धडपणे सांगता येत नाही, म्हणून होतात. "यालाच का?" असं एखाद्या मुलाने विचारलं, तर तुमच्याकडे काय उत्तर होतं? "तो खूप मेहनती आहे" हे उत्तर नव्हे. मेहनती तर तो विचारणाराही असतो.

बैठकीत काय होतं ते आठवून बघा. वर्ष संपत आलेलं असतं, पाचसहा जण बसलेले असतात, आणि कुणीतरी म्हणतं, "बोला, कोणाला द्यायचा?" मग ज्यांची नावं चटकन आठवतात ती पुढे येतात: गेल्या दोन महिन्यांत दिसलेली, मोठ्याने बोलणारी, माईक हातात असलेली, आणि हो, समितीतल्या कुणाची तरी मुलं. खुर्च्या मांडणारा, नवीन आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी आपल्या गटात ओढणारा, हिशोबाच्या पावत्या तारीखवार लावणारा, यांपैकी कुणी आठवत नाही. यात कुणाचा डाव असतो असं नाही. आठवणीवर निवड केली की हेच होणार.

म्हणून पुरस्कारांची यादी करण्याआधी एक वही करा. साधी वही, प्रत्येक सदस्याला आणि स्वयंसेवकाला एक पान. दर बैठकीनंतर दोघांनी मिळून पाच मिनिटं लिहायचं: तारीख, काय केलं, कुणी पाहिलं. विशेषणं लिहायची नाहीत. "चांगलं सहकार्य केलं" ही नोंद बाद. नोंद कशी हवी? "तालमीत ध्वनियंत्रणा बंद पडली. हिने वायर तपासून सैल जोड शोधला, चिकटपट्टी लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नवी वायर लागेल असं आठवणीने सांगितलं." एवढं पुरे. महिनाअखेरीस वही चाळायची आणि ज्यांचं पान कोरं आहे त्यांच्यावर पुढचा महिना लक्ष ठेवायचं. माझ्या दृष्टीने वहीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. कोरं पान म्हणजे ते मूल काही करत नाही असं नाही. बहुतेकदा त्याला काही करायला दिलेलंच नसतं, किंवा केलेलं कुणी पाहिलेलं नसतं.

आता बक्षिसांकडे येते, कारण तुमच्या समितीतल्या एकाने गुणपद्धत सुचवली आहे: हजेरीला अमुक गुण, कामाला तमुक, वर्षअखेरीस जास्त गुणवाल्यांना भेटवस्तू. हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण जपून. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. स्केचपेनने चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं हे पाहिलं, तर आधी आमिष दाखवलेल्या मुलांचा चित्रं काढण्यातला वेळ बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास आला होता. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. पुढे १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी मुळातली आवड कमी होते, हे त्यातून दिसलं. महाविद्यालयीन मुलांपेक्षा लहान मुलांवर हा परिणाम जास्त होता. म्हणजे तुमच्या बारा-तेरा वर्षांच्या गटाच्या बाबतीत जास्तच सांभाळायला हवं.

मग आमिष कधीच दाखवू नये का? तसंही नाही. जे काम कुणालाच आवडत नाही, उदाहरणार्थ कार्यक्रमानंतरची साफसफाई, तिथे कमी व्हायला मुळात आवडच नसते. तिथे खुशाल सांगा की सफाईच्या गटाला पुढच्या सहलीचं ठिकाण ठरवायचा मान. पण ज्या गोष्टीसाठी मुलं हौसेने येतात तिला गुण लावू नका. हजेरीला तर नकोच. घरी धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं म्हणून महिन्यातून दोनदाच येऊ शकणारी मुलगी गुणपत्रकात कायम तळाला राहते, आणि ते भिंतीवर लावलेलं असेल तर विचारायलाच नको. हजेरीच्या पुरस्कारांबद्दल २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे, १५,००० हून अधिक शाळकरी विद्यार्थ्यांवरचा. आधी जाहीर केलेल्या पुरस्काराचा काही परिणाम झाला नाही. आणि ज्यांना आधीच्या पूर्ण हजेरीबद्दल मागाहून पुरस्कार मिळाला, त्यांची हजेरी पुढे घटली! आपण इतरांपेक्षा आणि शाळेच्या अपेक्षेपेक्षा जास्त येतो आहोत, असा संदेश मुलांनी त्यातून घेतला असावा, असं संशोधकांचं म्हणणं. गुणपद्धतीवाल्या सभासदांना हे जरूर सांगा.

पैशांचं आणखी वेगळं. ग्नीझी आणि रुस्टिकिनी यांचा २००० सालचा प्रयोग तर थेट आपल्याच कामाचा आहे. शाळकरी मुलं दारोदार जाऊन देणग्या गोळा करत होती. एका गटाला नुसतं कामाचं महत्त्व सांगितलं, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्क्याइतका मोबदला कबूल केला, तिसऱ्याला १० टक्के. सगळ्यात जास्त रक्कम कुणी जमवली? फुकट काम करणाऱ्यांनी. १ टक्कावाले सगळ्यात मागे राहिले. त्यामुळे स्वयंसेवकांना "थोडंफार मानधन देऊ या, बरं वाटेल" हा विचार सोडा. मात्र त्यांचा प्रवासखर्च, फोनचा खर्च, पदरचे घातलेले पैसे वेळच्या वेळी परत करा. यात कौतुक काही नाही, ही देणी आहेत. खर्च थकवून वर सन्मानचिन्ह देणारी मंडळं मी पाहिली आहेत. त्या चिन्हाकडे पाहून स्वयंसेवकाला काय वाटत असेल ते मी लिहीत नाही.

'सर्वोत्कृष्ट'च्या जागी काय, हा तुमचा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या फोर-एच या युवा संघटनेत कौतुकाचे पाच प्रकार मानतात: सहभागाचं, स्वतःच्या ध्येयाकडे झालेल्या प्रगतीचं, ठरलेला निकष गाठल्याचं, स्पर्धेतल्या यशाचं आणि मिळून केलेल्या कामाचं. पाचांत स्पर्धा एकच. आपल्याकडे सगळा भर त्या एकावर. ब्रिटनमध्ये १९५६ साली सुरू झालेला ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कारही बघा. कांस्य, रौप्य, सुवर्ण असे तीन टप्पे आहेत, पण तिथे कुणी कुणाशी स्पर्धा करत नाही. स्वयंसेवा, शारीरिक क्षमता, कौशल्य, मोहीम अशा विभागांत जो ठरलेलं पूर्ण करेल त्याला मिळतो. दहांनी पूर्ण केलं तर दहांना, एकाने केलं तर एकाला. तुमच्या मंडळात असे दोन-तीन टप्पे सहज बसवता येतील. निकष वर्षाच्या सुरुवातीला मुलांसोबत बसून ठरवा आणि मग मध्येच बदलू नका. आणि एकदा मिळालेलं शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. वर्तनाचा प्रश्न वेगळा सोडवा.

स्पर्धा हवीच असेल तर ती खऱ्या स्पर्धेत ठेवा. वक्तृत्व, धावणं, चित्रकला यांत पहिला-दुसरा क्रमांक मुलं सहज स्वीकारतात, कारण ते डोळ्यांसमोर घडतं. माणूस म्हणून कोण पहिला, हे ठरवायला गेलात की बिनसतं.

प्रमाणपत्राच्या मजकुरावर मी जरा जास्तच हट्टी आहे. "आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आभार" असं छापील प्रमाणपत्र चाळीस जणांना दिलं तर ते कुणालाच दिलेलं नसतं. त्याऐवजी वहीतली नोंद उचला: "शिबिराच्या दुसऱ्या रात्री घाबरलेल्या तीन लहान मुलांजवळ झोप येईपर्यंत बसून राहिल्याबद्दल." नाव हाताने लिहा आणि आधी त्या मुलाकडून तपासून घ्या. ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं नाव म्हणजे आपल्याला ओळखतच नाहीत याचा लेखी पुरावा! निवेदकानेही नावं आदल्या दिवशी वाचून बघावीत. आणि एक विचारा: स्टेजवर यायचं आहे का? चौदा-पंधराच्या वयात काहींना सगळ्यांसमोर कौतुक नको असतं, मित्र चिडवतात. त्यांना गटाच्या बैठकीत द्या, किंवा घरी चिठ्ठी पाठवा. सतरा-अठराच्या पुढच्यांना ढालीपेक्षा शिफारसपत्राचा उपयोग जास्त, आणि ते लिहायलाही वहीच कामाला येते.

नव्या मुलांना वर्षअखेरीपर्यंत ताटकळत ठेवू नका. २०१७ साली याना गॅलस यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जर्मन विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्या काहींना एक नुसता नावापुरता पुरस्कार दिला, पैसा नाही, वस्तू नाही. पुढच्या महिन्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांनी वाढलं. पहिल्या काही आठवड्यांत "तू केलेलं आम्ही पाहिलं" एवढं कळलं तरी माणूस टिकून राहतो.

स्वयंसेवकांना पुरस्कार देण्याआधी ते का येतात ते विचारा. क्लॅरी, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली यामागचे सहा हेतू मांडले: मूल्यं, शिकणं, करिअर, माणसांची सोबत, स्वतःबद्दल बरं वाटणं आणि मनातल्या बोचणाऱ्या गोष्टींपासून सुटका. करिअरसाठी येणाऱ्या मुलाला मंडळाच्या खर्चाने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्या. सोबतीसाठी येणाऱ्या काकांना स्वयंसेवकांचा एकत्र जेवणाचा दिवस जास्त मोलाचा. आणि सेवेची वर्षं मोजून द्यायचे बिल्ले, १, ५, १० वर्षांचे, हे आपोआप द्या. तिथे निवड नाही, म्हणून वादही नाही. दिवस शोधत असाल तर ५ डिसेंबर घ्या. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली तो आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून ठरवला आहे. मुलांच्या कार्यक्रमात स्वयंसेवकांचं कौतुक शेवटची पाच मिनिटं उरकलं जातं, त्यापेक्षा त्यांचा वेगळा दिवस बरा.

यंदा तुमच्याकडे वही नाही, तेव्हा चिठ्ठ्या करा. प्रत्येक सदस्याला लॉटरीने दोन नावं द्या आणि लिहायला सांगा: "याला किंवा हिला मी काय करताना पाहिलं?" दोन ओळी, विशेषण नको. लॉटरीमुळे प्रत्येकाच्या वाट्याला दोन चिठ्ठ्या येतात, कुणी राहत नाही. स्वयंसेवकांसाठी तेच समितीने करावं. चिठ्ठ्या वाचणाऱ्या दोघांची मुलं किंवा नातेवाईक मंडळात नसावेत. टवाळीच्या चिठ्ठ्या निघतीलच, त्या बाजूला काढून तिथे स्वयंसेवकांनी नीट नोंद लिहावी. त्यातूनच प्रमाणपत्रांचे मजकूर तयार होतील. दोन 'सर्वोत्कृष्ट' यंदा गाळा आणि तसं आधीच जाहीर करा, म्हणजे मागच्या वर्षीच्या विजेत्यांनाही आपलं काही चुकलं असं वाटणार नाही.

राहिली ती यायची बंद झालेली तीन मुलं आणि अंग काढून घेतलेल्या तुमच्या स्वयंसेविका ताई. मुलांना पुरस्कार देऊन परत आणायला जाऊ नका, ते त्यांना लगेच कळेल. काम घेऊन जा. "प्रकाशयोजना तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही, शनिवारी येशील का?" असं, आणि ते खरं असेल तरच. ताईंकडे मात्र समितीतल्या ज्येष्ठाने स्वतः जावं, फोनवर भागवू नये. त्यांनी काय काय केलंय ते नावानिशी, प्रसंगानिशी बोलावं आणि पुढच्या वर्षीचे निकष ठरवायच्या गटात त्या असतील का ते विचारावं. नाही म्हणाल्या तर आग्रह नको. चिठ्ठ्यांचा कोरा नमुना हवा असेल तर खाली लिहा, देते.