छापील विशेषणांच्या जागी माणूस

प्रश्न : माझे वय ७४ आहे. हे नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले होते आणि गेल्या मार्गशीर्षात गेले. वर्षश्राद्धाला आप्तांना देण्यासाठी मुलांनी छोटी स्मरणपुस्तिका काढायचे ठरवले आहे. छपाईवाल्याने मजकूर पाठवला आहे : ‘प्रेमळ पती, वत्सल पिता आणि नातवंडांचे लाडके आजोबा.’ त्यात खोटे काही नाही, पण वाचताना ते आमच्या घरातले वाटत नाहीत. हे तापट होते; मुले म्हणतात, ते लिहायला नको. तारखांचाही गोंधळ आहे. आमचे लग्न मोठ्या पुराच्या पुढच्या उन्हाळ्यात झाले, एवढेच मला पक्के आठवते. मी सातवीपर्यंत शिकलेली. हे काम कसे करावे? — एक वाचक भगिनी, नाशिकरोड

उत्तर : छपाईवाल्याचा मजकूर तुम्हाला खटकला, ते बरेच झाले, कारण तो तुमच्या गल्लीतल्या कोणत्याही आजोबांच्या फोटोखाली तसाच चालून गेला असता. ती तीन विशेषणे सरळ काढून टाका आणि त्या जागी यजमान काय करत, काय बोलत, कशावरून अडून बसत, ते येऊ द्या. शिक्षण सातवीपर्यंतचे असल्याने काही अडत नाही. तुम्ही बोलायचे आणि नातवंडांपैकी एकाने फोनवर ध्वनिमुद्रण करून नंतर उतरवून काढायचे. मात्र उतरवताना तुमची बोली ‘शुद्ध’ करायची नाही, अशी तंबी त्याला आधीच द्या.

सुरुवात नोकरीपासून करावी, असे मी सुचवीन. १९२८ पासून चालत आलेल्या त्या छापखान्यात उभी हयात घालवलेल्या माणसाच्या स्वभावावर त्या कामाचा ठसा उमटल्यावाचून राहत नाही. २००६ साली रिझर्व्ह बँकेने ताऱ्याचे चिन्ह असलेल्या बदली नोटांची पद्धत आणली. त्यापूर्वी छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी त्याच क्रमांकाची नवी नोट घालावी लागे, म्हणजे शंभराच्या पुडक्यातला एक आकडासुद्धा चुकून चालत नसे. अशा शिस्तीतून घरी आलेला माणूस भाजीवाल्याने दिलेली मोड कशी मोजत असे, किराण्याची यादी पुन्हा पुन्हा तपासत असे का, घरात एखादी किल्ली जागेवर नसली तर काय होत असे? प्रेसमधली माणसे कामाविषयी घरी फारसे बोलत नाहीत, हे नाशिकरोडला सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या पाळीतले जे दोघे-तिघे सहकारी आज हयात असतील त्यांना मुलांनी मुद्दाम जाऊन भेटावे. वडिलांची आठ तासांची एक बाजू मुलांनी कधी पाहिलेलीच नसते.

पती म्हणून ते कसे होते, हे मात्र तुमच्याखेरीज कोणीच सांगू शकणार नाही. मुलांना आठवतात ते वडील, नातवंडांना आठवतात ते निवृत्तीनंतरचे आजोबा. लग्नानंतर भाड्याच्या खोलीत पहिला पगार तुमच्या हाती देणारा, किंवा न देणारा, तरुण फक्त तुम्हाला माहीत आहे. ते प्रकरण सर्वांत मोठे झाले तरी चालेल.

तापटपणाविषयी मी तुमच्या मुलांशी सहमत नाही. ज्यांना पुस्तिका मिळणार त्या सर्वांनी तो राग पाहिलेला असणार, आणि तो गाळला तर बाकीच्या मजकुरावरही त्यांचा विश्वास बसणार नाही. फक्त ‘ते शीघ्रकोपी होते’ एवढे लिहून सोडू नका; एक प्रसंग पूर्ण सांगा, म्हणजे कशावरून भडकले, कोणावर, आणि नंतर ताटावरून उठून गेले की अर्ध्या तासाने स्वतःच चहाचे आधण ठेवले. भाऊबंदकी, वाटणी, कोणाचे उसने पैसे हे विषय मात्र कटाक्षाने वगळा, कारण त्यांत दुसरी बाजू बोलायला ते आज नाहीत, आणि कार्याच्या दिवशी घरात नवे तंटे नकोत.

तारखांचा गोंधळ तुम्हाला वाटतो तेवढा नाही. नाशिककरांचा मोठा पूर म्हणजे सप्टेंबर १९६९ चा, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यातले तुमचे लग्न १९७० चे ठरते; लग्नपत्रिका सापडली तर दिवसही कळेल. जन्मतारखेबाबत जपून राहा. शाळेच्या दाखल्यावर आणि त्यावरून सेवापुस्तिकेत १ जून असेल, तर ती बहुधा मास्तरांनी लावलेली असणार. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा कागदोपत्री वाढदिवस त्याच दिवशी येतो. सासूबाई सांगत असलेली तिथी तुमच्या लक्षात असेल, तर ‘कागदोपत्री’ म्हणून एक आणि घरची म्हणून दुसरी, अशा दोन्ही द्याव्यात. फोटोंमागे नावे लिहायची झाल्यास मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची रेघ पुढे उमटते.

आणखी एक काम पंचवटीत होण्यासारखे आहे. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव यांनुसार घराण्यांच्या वह्या असतात. पूर्वी कोण आले, कोणत्या कार्यासाठी आले आणि सोबत कोण होते, याच्या नोंदी आलेल्या माणसाच्या सहीनिशी त्यांत सापडतात. मूळ गाव सांगून तुमच्या घराण्याचे उपाध्याय कोण ते मुलांनी शोधावे. यजमानांच्या आजोबांची मोडीतली सही मिळाली, तर परवानगी घेऊन तिचा फोटो पुस्तिकेत घालता येईल. त्याच वहीत यंदाची नोंद करताना सुना, लेक आणि नाती यांची नावेही सांगा, कारण जुन्या पानांवर ती पुष्कळदा सुटलेली असतात. उपाध्यायांनी लिहून झाल्यावर नोंद वाचून घ्या आणि सहीसाठी लेकीलाही पुढे बसवा. मजकूर छपाईला कार्तिकातच द्यावा लागेल, तेव्हा ध्वनिमुद्रण याच आठवड्यात सुरू करा.