स्पिटफायरची चेसिस सडली आहे, हेराल्डची कापून बसवता येईल का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: १९६७ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३, पुढून कधीतरी ठोकलेली, मागून गंजलेली. ठाण्यातले तुमचे गॅरेजवाले म्हणताहेत की भंगारात स्टँडर्ड हेराल्डची चेसिस मिळतेय, तीच कापून बसवू, स्वस्तात होईल.

नका बसवू. माझा फॅब्रिकेशनचा धंदा वागळे इस्टेटमध्ये आहे, कापाकापीचं मला वावडं नाही. तरीही नको म्हणतोय.

गॅरेजवाल्यांना ही कल्पना का सुचली ते उघड आहे. १९६२ ची स्पिटफायर हेराल्डच्याच चेसिसवरून निघाली, आणि मद्रासला १९६१ पासून हेराल्ड तयार होत होती, म्हणून आपल्याकडे अजूनही तिचे सांगाडे सापडतात. हेराल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साडेएक्याण्णव इंच, स्पिटफायरचा ८३. साडेआठ इंच कमी केले की झालं, असा हा हिशोब. पण हेराल्डच्या चेसिसला दोन्ही बाजूंनी आडवे हात आणि लांब पट्ट्या असतात, बॉडीचा भार त्या घेतात. तिचं सिल, म्हणजे दाराखालचा लांब पोकळ पत्रा, नुसतं झाकण. स्पिटफायरमध्ये कंपनीने त्या पट्ट्या काढल्या आणि ते काम बॉडीच्या सिलवर टाकलं. मागच्या सस्पेन्शनचे रेडियस आर्म, म्हणजे चाकं पुढे-मागे सरकू न देणारे दांडे, तेसुद्धा चेसिसला नाही, बॉडीला धरलेले आहेत. म्हणजे तुमच्या गाडीची खरी फ्रेम अर्धी चेसिसमध्ये आणि अर्धी सिलमध्ये आहे. एकट्या चेसिसचा विचार करून चालणारच नाही. हेराल्डनंतरच्या स्टँडर्ड गझेलची चेसिस मिळत असेल तर तिच्याकडे बघूसुद्धा नका, तिला मागे सरळ एक्सल आहे, तुमच्या गाडीची मागची चाकं मात्र स्वतंत्र आहेत.

आधी एक गोष्ट ठरवा: चेसिस खरंच बदलण्याइतकी गेली आहे का? डोळ्यांनी हे कळत नाही. गाडी सपाट फरशीवर चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) लेव्हलमध्ये घ्या. सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टच्या जागेतून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खूण करा, मग गाडी बाजूला करून खुणांमधले कर्ण मोजा. डावा आणि उजवा कर्ण जुळला नाही तर चेसिस तिरकी झाली आहे. पुढचा मार खाल्लेल्या गाडीत सस्पेन्शनचे टरेट (पुढच्या स्प्रिंगा धरणारे खांब) जिथे बसतात त्याच्या आसपास पत्र्याला सुरकुती आली आहे का, ते रंग खरवडून बघा. तिथे सुरकुती असेल तर नुसतं ओढून सरळ करून भागत नाही, तो भाग कापून नवा घालावा लागतो. इंजिनाखालचा भाग बहुधा शाबूत सापडेल. या इंजिनांची तेलगळती तेवढं पुण्य करते. मागचा भाग मात्र हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर आतून गेलाय असं समजा.

पुढची सुरकुती आणि मागचा गंज एवढंच निघालं, तर मी चेसिस बदलणार नाही, दुरुस्त करेन. शाबूत जागी पत्र्याची जाडी मोजायची, तोच पत्रा आणायचा, जिगवर (चेसिस हलू न देणाऱ्या साच्यावर) बांधून मिग वेल्डिंगने थोडं थोडं, बाजू बदलत जोडायचं. सलग वेल्डिंग मारलं की उष्णतेने चेसिस पुन्हा ओढली जाते, आणि ओळंब्याची मेहनत पाण्यात.

सगळीच गेली असेल तर स्पिटफायरचीच, आणि मार्क ३ चीच चेसिस शोधा. विलायतेत जुन्या मिळतात, पण वापरलेले सुटे भाग आयात करायला परवाना लागतो का ते आधी तपासा. माल न्हावा शेव्याला उतरल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच कस्टम एजंटशी बोला.

बॉडी उचलण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत लोखंडी चौकोनी पाइपचे आडवे-तिरके टेकू टॅक करा. उघडी गाडी, वर छप्पर नाही. सिल सडलेलं असताना उचललीत तर मधून घडी पडेल आणि दारं परत कधी नीट लागणार नाहीत. बॉडी आणि चेसिसमधल्या पॅकिंगच्या चकत्या कुठे किती होत्या ते लिहून ठेवा. सिल मात्र बॉडी सरळ चेसिसवर परत बोल्टने बसवल्यावरच बदला, एका वेळी एकच बाजू, दाराची फट प्रत्येक टप्प्यावर तपासत. बॉडी खाली ठेवून सिल लावून देतो म्हणणारा डेंटर कितीही चांगला असला तरी त्याला थांबवा.

कागदांचं काम वेल्डिंगच्या आधी. आरसीवरचा नंबर गाडीवर कुठे आहे ते बघा. या गाड्यांची कमिशन नंबराची पट्टी बॉडीवर रिव्हेटने लावलेली असते. तिचे आणि चेसिसवर काही ठोकलेलं सापडलं तर त्याचेही आजच फोटो काढा, आणि ठाणे आरटीओत लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफाराबद्दल कडक आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतली विंटेज नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. कापलेली हेराल्डची चेसिस दाखवून ती नोंदणी मागणं अवघडच. ‘नंबर ठोकून देतो’ असं कुणी म्हणालं तर गाडी त्याच दिवशी त्याच्याकडून हलवा.

शेवटी गंजाचं. खाडीची हवा आणि आपला पावसाळा बघता गॅल्व्हनायझिंगचा मोह होईल. वितळलेलं जस्त साधारण ४५० अंशांचं असतं, त्यात चेसिस वाकू शकते, म्हणून बाहेर काढल्यावर पुन्हा कर्ण मोजा. मी स्वतः सँडब्लास्ट, झिंक प्रायमर, वर इपॉक्सी आणि पोकळ्यांत मेण एवढ्यावर थांबतो.

भंगारातली ती हेराल्ड वाजवी भावात मिळत असेल तर पुढच्या सस्पेन्शनसाठी जरूर घ्या, व्हर्टिकल लिंक (चाक धरणारा उभा भाग) आणि ट्रनियन (त्याच्या खालचा फिरता सांधा) उपयोगी पडतील. ट्रनियनमध्ये ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं. कोरडे राहिले की लिंक तुटते आणि चाक आडवं होतं.