खारं पाणी शिरलेल्या शेताचं काय करायचं?

प्रश्न: मी ऐरोलीला राहते, माहेर उरणकडचं. दादाची दीड एकर भातशेती खाडीला लागूनच आहे. मागच्या पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि लावलेला भात पिवळा पडून गेला. कृषी विद्यापीठात विचार म्हटलं तर दादा म्हणतो, ते लांब दापोलीला, आपल्याला त्यांचा काय उपयोग?

उत्तर: ताई, हातचं पीक गेलंय, दादाला राग येणारच. पण दापोलीला जायची गरजच नाही. कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून दापोलीत आहे हे खरं, पण त्यांचं खारजमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे, आणि खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती तिथल्याच. बियाणं कुठे मिळेल ते तिथेच विचारा, पेरणीच्या तोंडावर धावपळ नको.

जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका, माती घेऊन जा. उन्हाळ्यात शेतावर मिठाची पांढरी खपली येते ना, नुसती तीच खरवडून नेली तर शेताचा अंदाज चुकतो. आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा करायचा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती काढायची, सगळी घमेल्यात मिसळायची आणि त्यातली अर्धा किलो न्यायची, फक्त खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका. क्षारता आणि सामू (pH) दोन्ही तपासून घ्या. आणि रिपोर्ट येईपर्यंत कोणी जिप्सम टाका म्हटलं तरी थांबा, किनाऱ्यालगतच्या प्रत्येक खाऱ्या जमिनीला ते लागतंच असं नाही, उगाच पैसे जातात.

पण बांध आधी. बांध गळका राहिला तर कुठलंही बियाणं दादाला वाचवणार नाही. बांध धरला, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं-अडवायचं दार) नीट उघडझाप व्हायला लागली की पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडायचं, मीठ विरघळलं की ओहोटीला सोडून द्यायचं, परत भरायचं. दोन-तीनदा असं धुतल्यावरच लावणी. रोपं जरा जून घ्या, कोवळं रोप मिठाला लगेच मान टाकतं, आणि एका चुडात एक-दोन काड्या जास्त लावा म्हणजे मर झाली तरी जागा रिकामी राहत नाही.

उघाडी एकट्या दादाची नसणार, अख्ख्या खाराची, म्हणजे त्या बांधाआतल्या सगळ्या शेतांची असेल, म्हणून पनवेलला जाताना शेजारच्या दोन-चार शेतकऱ्यांनाही सोबत घेऊन जायला सांगा.