वेबसाइटसाठी एफडी मोडावी का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंनी लिहिलंय. घरगुती फराळाचा व्यवसाय. गेल्या दिवाळीत ३४० डबे गेले. सामान, गॅस, मदतनीस बायकांची मजुरी वजा जाता डब्यामागे २६० रुपये सुटतात. वेब डिझायनरने ६५,००० चं कोटेशन दिलंय, शिवाय दरसाल १२,००० देखभाल. त्यासाठी एफडी मोडावी का?

ताई, नका मोडू. निदान या कोटेशनसाठी तरी नाही.

तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलंय, ते पाहिलंत का? १८ टक्के धरले की ७६,७०० होतात. तुमची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे तो कर वळता करून घेता येणार नाही, खिशातूनच जाणार. एवढे वसूल व्हायला २९५ डबे जादा विकायला हवेत, वर देखभालीपोटी, तिचाही जीएसटी धरून, दरवर्षी ५५. आणि तुम्हीच लिहिताय की वसुबारसेच्या आठ दिवस आधी ऑर्डर घेणं थांबवावं लागलं! मग गिऱ्हाईक कमी कुठे आहे? कमी आहेत ते हात आणि शेगड्या. दिवाळीपुरता खर्च करायचाच असेल तर मोठ्या शेगडीवर आणि आणखी एका बाईच्या महिनाभराच्या मजुरीवर करा, तो त्याच दिवाळीत निघेल.

वेबसाइट नकोच, असं मात्र मी म्हणत नाही. दिवाळीनंतरचे महिने रिकामे जातात ना, तिथे ती कामाची. चकलीचा पुण्याला पोचेस्तोवर चुरा होतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला कुरिअरने बिनघोर जातात. त्याला चार पानांची साइट पुरे: फोटो, भाव, वॉट्सअॅपचं बटण. साइटवरच कार्डाने पैसे घेणारा पेमेंट गेटवे सध्या नको, यूपीआयवर भागतं. १५-२० हजारांच्या वर जाऊ नका. तेवढेही हाताशी नसतील तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर उचल, घ्या. व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही वापराल तेवढ्याच रकमेवर.

पण पुण्याला पाकीट पाठवण्याआधी सीएंना भेटा. गुजरातमध्येच विकलंत तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. करपात्र माल राज्याबाहेर गेला की पहिल्या पाकिटापासून लागते, आणि कंपोझिशन योजनेतून, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेतून, तो पाठवता येत नाही. रिटर्न भरण्याची सीएंची फी दरसालच्या खर्चात धरा. साइटच्या किमतीपेक्षा मला हीच जास्त जड वाटते.

आता कोटेशनमधलं ‘डोमेन एक वर्ष मोफत’. डोमेन म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव. ते कुणाच्या नावावर घेणार, यावर कोटेशन गप्प आहे. डिझायनरच्या ईमेलवर घेतलं तर नूतनीकरणाची सूचना त्याला जाणार, पासवर्डही त्याच्याकडे, आणि पुढेमागे बिनसलं तर तुमच्याच दुकानाच्या नावासाठी तुम्ही त्याच्या दारात. डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) स्वतःच्या मोबाइल नंबरवर, स्वतःच्या कार्डाने घ्या. कॉपीराइटचंही तसंच: स्वतंत्र डिझायनरने लिहिलेला कोड पैसे देऊनही आपोआप तुमचा होत नाही, हक्क तुमच्याकडे आल्याचं सहीनिशी लेखी लागतं. शेवटचा हप्ता तो कागद आणि सगळे पासवर्ड हातात आल्यावरच द्या.

भाजणीच्या किलोमागे किती सुटतात, हे पत्रात नाही. नोंदणीचा खर्च झेपेल की नाही हे त्यावर ठरेल, तेवढा आकडा कळवा.