रात्री दहाची फेरी

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा पागेचा नकाशा, दोन्ही मिळाले. गिरणाऱ्याजवळची वडिलांची द्राक्षबाग काढून तेथे दहा ठाणांची, म्हणजे घोडा बांधायच्या दहा खणांची, पागा बांधावी आणि नाशिकमधील हौशी मालकांचे घोडे मासिक शुल्कावर सांभाळावेत, हा बेत तू मला गेल्या दिवाळीतच सांगितला होतास, त्यामुळे त्याचे कौतुक पुन्हा करीत बसत नाही. शुल्क किती ठेवावे आणि ठाणात मुरूम टाकावा की रबराची चटई, या प्रश्नांची उत्तरे तुला एखादा चांगला नालबंदही देईल. माझी झोप उडवली ती चौथ्या पानावरील दोन ओळींनी. तुझे रात्रीचे पागेवर जाणे घरच्यांना पसंत नाही, तू स्वतःही दिवसभराच्या कामाने दमतेस, म्हणून प्रत्येक ठाणात कॅमेरा बसवावा, घोड्यांची निगा राखणारा एक जाणता साईस मुक्कामी ठेवावा आणि आपण शहरातील घरी निजावे, असे तुझ्या मनात आहे; मात्र हे योग्य की अयोग्य, ते तुला ठरवता येत नाही. मला ठरवता येते. रात्री दहाची फेरी ज्याला स्वतः मारता येत नाही, त्याने दुसऱ्याचा घोडा आपल्या पागेत बांधून घेऊ नये.

रागावू नकोस. आधी कारण ऐक.

घोड्याला ओकता येत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, आतडे मात्र लांबलचक आणि पोटात बरेचसे मोकळे असते. जे आत गेले ते पुढेच सरकले पाहिजे. ते अडले, वायू धरला किंवा आतड्याला पीळ पडला, की पोटशूळ उठतो आणि काही तासांत घोडा हातचा जातो. त्याची पहिली लक्षणे इतकी किरकोळ असतात की ती पाहणाऱ्यालाच दिसतात: चंदीचा दाणा अर्धा उरतो, घोडा मान वळवून कुशीकडे पाहतो, वरचा ओठ दुमडतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो. या सर्वांच्या आधी लीद कमी पडते. म्हणून मी ठाणात शिरलो की आधी लीद पाहत असे आणि मग घोडा. संध्याकाळी झाडलेल्या ठाणात रात्री दहापर्यंत ताजी लीद दिसलीच पाहिजे. ती दिसली नाही तर कुशीला कान लावायचा. निरोगी पोट गुरगुरत असते, गप्प पोटाची भीती बाळगायची. मग हिरडीवर बोट दाबून पाहायचे: पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. उभ्या, शांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. ती साठीच्या वर गेली असेल तर सकाळची वाट पाहायची नाही, डॉक्टरांना उठवायचे.

आता कॅमेऱ्याविषयी. कॅमेरा जरूर बसव. चोरीसाठी आणि विणाऱ्या घोडीसाठी तो उपयोगी आहे. परंतु बादलीतले पाणी किती उतरले हे तो तुला सांगणार नाही. घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो, आणि निफाडकडून थंडीची लाट आली की हाच घोडा गार पाण्याला तोंड लावीत नाही, वर कोरडा कडबा मात्र नेहमीइतकाच खातो. मग आतड्यात गोळा बसतो. जानेवारीतल्या रात्री दहा वाजता कोमट पाण्याची बादली पुढे धरून तो पितो की नाही, हे उभे राहून पाहावे लागते. कॅमेऱ्याला बुरशीचा वास येत नाही, कानाच्या मुळाशी आलेला गार घाम लागत नाही. आणि तू स्वतः रात्री दोन वाजता उठून मोबाइलवर दहा चौकटी पाहणार आहेस का? मी विचारतो आहे, तर खरे उत्तर दे.

साईस ठेवण्याला माझा विरोध नाही. साईसावाचून पागा चालत नाही, आणि उत्तम साईसाला जे कळते ते मालकालाही कळत नाही. परंतु येथे मला तुला अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी इतक्या वर्षांत घरातही पूर्ण सांगितलेली नाही.

त्र्यंबक रस्त्यावरची माझी पागा सुरू होऊन सहा वर्षे झाली होती. चौदा घोडे होते. त्यांत एका निवृत्त शिक्षकांची पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेली, घोडी होती. त्यांनी ती सारंगखेड्याच्या यात्रेतून, दत्तजयंतीच्या बाजारातून, भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून आणली होती. ते तिच्यावर फारसे बसतही नसत. रोज सकाळी बसने येत, स्वतः खरारा करीत, गुळाचा एक खडा देत आणि परत जात. जानेवारी महिना होता. त्या संध्याकाळी माझा एक जुना सहकारी मुंबईहून आला, आम्ही शहरात जेवायला गेलो आणि मी साईसाला फोनवर विचारले, 'सर्व ठीक?' तो म्हणाला, 'ठीक आहे साहेब.' पहाटे पाचला त्याचा फोन आला तेव्हा घोडी आडवी पडून लोळत होती आणि घामाने न्हाली होती. डॉक्टर सातला पोहोचले. पीळ पडलेला होता. दुपारी बारापर्यंत सर्व आटोपले.

घोडीने संध्याकाळची चंदी निम्मी टाकली होती आणि नंतर लीद केलेली नव्हती, हे साईसाला रात्री आठपासून ठाऊक होते. त्याने मला सांगितले नाही, कारण आठच दिवसांपूर्वी अशाच एका निरोपावरून मी रात्री धावत गेलो होतो, काहीच निघाले नव्हते, आणि 'उगाच उठवतोस' म्हणून सर्वांसमोर मी त्याला फैलावर घेतले होते. त्याला मी त्याच आठवड्यात काढून टाकले. तेव्हा तो निर्णय मला योग्य वाटला होता; आजही अर्धा योग्य वाटतो, आणि उरलेला अर्धा मला छळतो.

आणखी एक. पागेवर फेरीची नोंदवही असे: वेळ, लीद, पाणी, सही. त्या रात्रीचा रकाना रिकामा होता. शिक्षक यायच्या आधी मी तो भरला. '10.10, सर्व ठीक' असे लिहिले आणि खाली सही केली. त्यांनी वही मागितली नाही, मला एक शब्दही विचारला नाही. फक्त गुळाची पुडी शेजारच्या ठाणातल्या शिंगराला देऊन गेले. पुढे ते पागेवर कधीच आले नाहीत.

त्यानंतर सतरा वर्षे मी फेरी चुकवली नाही. मुलाच्या साखरपुड्यातून नऊ वाजता उठलो, याचे सूनबाई अजून टोमणे मारतात. पत्नीने बद्रीनाथची यात्रा बहिणीसोबत केली, कारण मी आलो नाही. लोक म्हणत, माणसे ठेवली आहेत तर विश्वास ठेवावा. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, पण साईसावर विश्वास ठेवणे आणि आपले काम त्याच्यावर ढकलणे या दोन गोष्टी आहेत, आणि माझ्या बाबतीत त्या कोठे एकमेकींत मिसळतात हे मला एकदा कळले होते. मी हट्टी झालो, हे मान्य आहे. हट्ट केला नसता तर माझी पागा राहिली नसती, असे मी स्वतःला सांगत आलो आहे, आणि तुला माझा हा हट्ट अतिरेकी वाटला तरी त्यातला एक दिवसही कमी करायला मी सांगणार नाही.

मालकांविषयी तू घाबरून लिहिले आहेस, ते मात्र फार मनावर घेऊ नकोस. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर असे दोन प्रकार असत. पागेवर घोडा ठेवणारा प्रत्येक जण मनाने शिलेदार असतो आणि शुल्क भरताना बारगीर होतो. डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक, वरातीची घोडी ठेवणारा गरीब कारागीर, रविवारी मुलांना घेऊन येणाऱ्या आया, हे सर्व एकाच हौदाशी उभे राहतात आणि एकमेकांचे घोडे नालाशिवाय का ठेवले, यावर वाद घालतात. घालू देत. वरातीच्या घोडीला आणि बंगलेवाल्याच्या घोड्याला एकाच गंजीतला चारा मिळतो, हे त्यांना दिसले की निम्मे वाद आपोआप मिटतात. एका बाबतीत मात्र कोणाचे ऐकू नकोस. नवा घोडा आला की तीन आठवडे वेगळा बांधायचा आणि पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरांकडून ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्यायचे. पक्के निदान हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्यावर उपचार न करता त्याला दयामरण द्यावे लागते. 'माझा घोडा काय रोगी आहे का?' असे म्हणणारा मालक गेला तर जाऊ दे. माझ्याकडून असे चार गेले.

तुझ्या घरच्यांची काळजी खोटी नाही. रात्री शहरातून गिरणाऱ्यापर्यंत एकट्या मुलीने दुचाकीवर यावे, असे मीही म्हणणार नाही. परंतु त्यावरचा उपाय फेरी सोडणे हा नव्हे. नकाशात तू कार्यालय फाटकाशी काढले आहेस आणि राहण्याची खोली काढलेलीच नाहीस. कार्यालय फाटकाशी कशाला हवे? तेथे दोन खोल्यांचे घर पागेला काटकोनात घे, निजण्याच्या खोलीची खिडकी ठाणांच्या रांगेवर उघड, आणि आईला महिनाभर तेथे राहायला बोलाव. महिन्याने त्याच तुला विचारतील, 'आज त्या अबलखाने पाणी कमी का प्यायले?' माझ्या आईने मला असेच विचारले होते. बांधकामाचा खर्च वाढेल. मग दहाऐवजी सात ठाणे बांध. दहा वाजता एका माणसाला नीट पाहता येतील इतकेच घोडे घ्यायचे, आणि सुरुवातीला सातच पुष्कळ आहेत.

चाऱ्याचे दोन शब्द सांगून थांबतो. शेजारच्या द्राक्षबागांच्या बांधावरचे गवत फुकट मिळते म्हणून कापून आणू नकोस. ऑक्टोबर छाटणीपासून त्या बागांवर किती फवारण्या होतात हे द्राक्षवाल्याच्या मुलीला मी सांगायला नको. कडबा आणि वाळले गवत उन्हाळ्यातच भरून ठेव, आणि 2027 च्या सिंहस्थातील पर्वण्यांच्या दिवसांसाठी वेगळा साठा कर, कारण 2015 मध्ये रस्ते बंद असताना माझी चाऱ्याची गाडी दोन दिवस शहराबाहेर अडकली होती. पावसाळ्यात भिजलेली पेंढी वाळवून घालायची नाही, फेकून द्यायची. शिवाजी महाराजांनी 1674 साली, राज्याभिषेकाच्या आधी, चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराला पत्र पाठवले होते. आहे तोवर चारा मनास येईल तसा उडवाल तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारले असे होईल, हे त्यात बजावले आहे. शिवाय उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत त्यांनी विचार केला आहे. राज्याभिषेक तोंडावर आलेल्या राजाला उंदराची वात सुचली, आणि तू नकाशात गवताची कोठी ठाणांच्या भिंतीला भिंत लावून काढली आहेस, वर तिच्यातूनच विजेची तार नेली आहेस!

कोठी निदान साठ फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला सरकव, खोली पागेला जोड आणि ठाणे सात कर. असा नवा नकाशा घेऊन येत्या रविवारी ये. नोंदवह्या मी पेटीतून काढून ठेवल्या आहेत. त्या तुला देणार आहे, त्या एका जानेवारीच्या वहीसह.

तुझा,
काका