हिवाळी नासपती ‘कॉमिस’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पोर्टलंड, ऑरेगन) : अंगणातल्या कॉमिसची फळे पिवळी होईपर्यंत झाडावरच ठेवली, पण ती आतून तपकिरी आणि पिठूळ निघाली. काय चुकले?

उत्तर : ती झाडावर राहिली, हेच चुकले. नासपती गाभ्याकडून सालीकडे पिकत येते, त्यामुळे साल धड दिसत असतानाच गाभा उतरून गेलेला असतो. हापूस जसा तयार झाल्यावर झेल्याने उतरवून अढीत घालतात, तशी कॉमिसही कडक असतानाच उतरवावी लागते. फळ तळहातावर धरून आडवे उचलावे. देठ फांदीपासून अलगद सुटला तर ते तयार आहे, ओढावे लागले तर आणखी काही दिवस थांबावे. मात्र आंब्याची अढी उबेची असते आणि हिला आधी थंडी लागते. फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात सुमारे महिनाभर राहिल्यावरच फळात पिकवणारा इथिलीन वायू नीट तयार होऊ लागतो, आणि मग खोलीत चार-पाच दिवसांत ते पिकते. रंगावर जाऊ नये. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबावे आणि तिथे किंचित दबले की त्याच दिवशी कापावे.

प्रश्न (सिअ‍ॅटल) : झाड सहा वर्षांचे आहे, फुलते, पण फळ धरत नाही.

उत्तर : फळ धरायला दुसऱ्या जातीचे पराग लागतात, म्हणून त्याच सुमारास फुलणारे दुसऱ्या जातीच्या नासपतीचे झाड, उदाहरणार्थ बॉस्क, जवळपास आहे का ते पाहा. नासपतीच्या मकरंदात साखर कमी असल्याने मधमाश्या दुसऱ्या फुलांकडे वळतात, म्हणून ते झाड जितके जवळ तितके चांगले. कॉमिस मुळातच उशिरा फळाला येते. उभ्या फांद्या छाटण्याऐवजी दोरीने आडव्या बांधा. जोरदार छाटणीने नुसता पालाच वाढतो.

प्रश्न (पुणे) : महाबळेश्वरला लावता येईल का?

उत्तर : मी तरी लावा म्हणणार नाही. हिच्या कळ्या नीट उमलण्यासाठी सात अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास लागतात.

प्रश्न (लंडन) : ही खावी कशी?

उत्तर : फ्रान्समधल्या आंजे येथे 1849 साली पहिल्यांदा फळलेल्या या जातीचा गर लोण्यासारखा असतो आणि रस मनगटापर्यंत ओघळतो. फळ उभे चिरून, बिया काढून, चमच्याने खावे; सोबत खारट चीज असावे. शिजवायला मात्र बॉस्क घ्यावी, कारण कॉमिसचा आकार कढईत टिकत नाही.