४ एकर पडीक माळावर कार्बन क्रेडिटसाठी झाडं लावली तर एकरी किती मिळतील?

एकरी किती ते सांगतो, पण आधी तो 'पडीक' शब्द काढून टाका. ह्याच शब्दावरनं माझं आणि थोरल्या भावाचं वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

जत तालुक्यात आमचा ५ एकर मुरमाड माळ. २०१७ ला एक एजंट आला, एकरी ४०० झाडं लावा, कार्बनचे पैसे घरबसल्या येतील म्हणाला. दादा लगेच तयार. मी म्हणत होतो की माळाचं गवत दरवर्षी एकरी ३ हजाराला जातं, वर मेंढरं बसतात त्यांचं खत, ते कोण धरणार? तर म्हणे गवताला काय किंमत. लावली २ हजार रोपं. २०१८ ला पावसाने दगा दिला, टँकरने पाणी घातलं, राखणीला गडी ठेवला तरी शेरडं शिरायचीच, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मोजली तर ६१० जिवंत. चराई बंद म्हणून गवतही गेलं. टँकरचे पैसे आईच्या पाटल्या मोडून दिले, ते मी विसरणार नाही. एजंटचा फोन तर लागतच नाही.

आता हिशोब. एक क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतनं ओढून साठवलेला १ टन कार्बन डायऑक्साइड. वाळल्या लाकडात साधारण निम्मा कार्बन, त्याचा कार्बन डायऑक्साइड काढायला ३.६७ ने गुणायचं, म्हणजे वाळून १०० किलो भरेल अशा झाडाचे १८३ किलो. एका क्रेडिटला अशी साडेपाच झाडं. सगळी ४०० जगली तरी एकरी ७३ क्रेडिट, टनाला ८०० धरा, झाले ५८ हजार, आणि मुरमात एवढं वाढायला १५ वर्षं सहज जातात. वर्षाला ४ हजारसुद्धा नाही, त्यातनं मोजणी, तपासणी, कंपनीचा वाटा आणि आगीबिगीसाठी राखून ठेवतात ती क्रेडिट वजा. खर्च मात्र सगळा पहिल्या ३ वर्षांत.

हां, कोकणात पाऊस आहे, तिथलं गणित वेगळं. बांधावर आंबा, बांबू लावणार असाल तर खुशाल लावा, विकून पैसे येतात, क्रेडिट मिळालं तर वरकड समजा.

आणि हे करार ३०-४० वर्षांचे असतात, तेव्हा सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना समोर बसवून वाचा. आमच्याकडे माझं नाव असताना दादाने एकट्याने सही केली. मला विचारलं असतं तर माळाला हात लावू दिला नसता, आजही देणार नाही.